‘थिंग’, ‘वस्तू’ आणि ‘गोष्ट’

इंग्रजीतील ‘थिंग’ हे नाम इतके सर्रास वापरले जाते की त्याला स्वतःचा असा काही अर्थ असेल, याकडेच दुर्लक्ष होते. ज्याचे नाव आठवत नाही, किंवा ज्याला अद्याप नावच नाही, त्या सर्वांची सोय हे नाम करते. मराठीत त्याला प्रतिशब्द म्हणून प्रथम ‘वस्तू’ हाच शब्द सुचतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे तपासले पाहिजे.

जुन्या इंग्रजीत या नामाचा एक अर्थ ‘सभा’ असा होता. इ. स. 930 मध्ये स्थापन झालेल्या आइसलंडच्या ‘आल्थिंग’ या संसदेच्या नावात तो टिकून आहे. निवडणूक-प्रचाराशी निगडित ‘हस्टिंग्ज’ या इंग्रजी शब्दातही तोच दडलेला आहे. सभा, सभेपुढील प्रकरण, कोणतीही बाब आणि पदार्थ, असा हा अर्थविस्तार आहे. ‘गोष्ट’ या शब्दाचा प्रवास याच्याशी विलक्षण जुळतो. ‘गोष्ठ’ म्हणजे गोठा. त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक आणि तेथील संवाद. पुढे मराठीत कथा आणि बाब.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथे आजचा वापरही तीच साक्ष देतो. ‘द थिंग इज’ अशी सुरुवात करणारा इंग्रज आणि ‘गोष्ट अशी आहे की’ म्हणणारा मराठी भाषक, दोघेही एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवीत नसतात. मुद्दा श्रोत्यांपुढे मांडीत असतात. ‘पुअर थिंग’मध्ये तर हे नाम माणसालाच लागते, आणि तेथे माणसाचे वस्तूकरण नसते, अनुकंपा असते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. बिल ब्राउन यांनी 2001 मध्ये ‘थिंग थिअरी’ मांडताना ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘थिंग’ यांत फरक केला. लिहिताना पेन आपल्या लक्षातही येत नाही. ते अडले की त्याचे ‘थिंग’पण जाणवू लागते. या दोन्ही संज्ञांना ‘वस्तू’ म्हटले, तर सिद्धान्ताचा कणाच मोडतो. ब्रुनो लातूर यांनी 2004 मध्ये सभेचा जुना अर्थ पुन्हा पुढे आणला, तो निर्विवाद तथ्य आणि अनेकांना गुंतवणारी बाब यांतील अंतर दाखवण्यासाठी. ‘वस्तुनिष्ठ’ या आपल्या शब्दाचा कल मात्र वाद मिटवण्याकडे असतो.

अर्थात ‘गोष्ट’ हा पर्यायही निर्दोष नाही. कथेचा अर्थ त्यात वारंवार डोकावतो. पण ‘दशरूपका’त ‘वस्तु’ म्हणजेही नाट्याचे कथानकच. तेव्हा ‘ऑब्जेक्ट’साठी ‘वस्तू’ आणि ‘थिंग’साठी ‘गोष्ट’ ही विभागणी स्वीकारण्यास हरकत नसावी. जिच्याभोवती माणसे बोलायला जमतात ती गोष्ट, हे मराठीला नव्याने शिकावे लागणार नाही.