वंशाचा पुरावा कोणीं द्यावा ? : कॅलिफोर्निया-समितीच्या भरपाईविषयक अहवालाचें परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियानें इ. स. २०२० मध्यें कायदा करून नऊ सभासदांची एक समिति नेमली. कृष्णवर्णीयांचें दास्य व त्यामागून चालत आलेला वर्णभेद यांची चौकशी करून भरपाई कशी करावी हें सुचविणें, हें तिचें काम होतें. तिचा अंतरिम अहवाल १ जून २०२२ रोजीं व अंतिम अहवाल २९ जून २०२३ रोजीं प्रसिद्ध झाला. अंतिम अहवालाचीं पृष्ठें हजारांवर आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय परका वाटेल. परंतु जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील दास्यविमोचनासाठीं झटलेल्या लोकांस अर्पण केली होती. तेव्हां त्या विमोचनाचें पुढें काय झालें हें विचारण्याचा हक्क मराठी वाचकास पोंचतो. शिवाय ह्या अहवालाचा सारा भार अखेरीस जुन्या दप्तरांवर येऊन पडतो, आणि दप्तरांविषयीं दोन शब्द बोलण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

अहवालाचा ऐतिहासिक भाग एकंदरींत चांगला उतरला आहे. कॅलिफोर्निया १८५० सालीं संघांत आलें तें दास्यमुक्त संस्थान म्हणून, व तेथील लोकांची आजवरची समजूतही तशीच आहे. ही समजूत किती पोकळ आहे हें समितीनें दाखविलें, हें तिचें मोठें काम होय. घटना दास्याचा निषेध करीत असतां १८५२ च्या कायद्यानें, पूर्वीं आणलेल्या दासांस धन्यांनीं पकडून परत न्यावें, अशी मोकळीक दिली. कृष्णवर्णीयानें गोऱ्याविरुद्ध न्यायालयांत साक्ष देऊं नये असा निर्बंध १८५० पासून १८६३ पर्यंत होता. बिडी मेसन ह्या स्त्रीचा खटला प्रसिद्धच आहे. धनी तिला टेक्ससकडे नेऊं पाहत होता. १८५६ सालीं लॉस अँजेलिस येथील न्यायाधीश बेंजामिन हेझ यांनीं तिला व तिच्यासह तेरा जणांस मुक्त ठरविलें. तिला उघड न्यायासनापुढें साक्ष देतां येत नसल्यामुळें न्यायाधीशांनीं तिचें म्हणणें आपल्या खोलींत ऐकून घेतलें. जिच्या स्वातंत्र्याचा निवाडा व्हावयाचा तिचाच शब्द पुरावा म्हणून चालत नव्हता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आमची पहिली तक्रार अशी कीं, समितीनें साऱ्या राष्ट्राचा इतिहास १६१९ पासून सांगण्याचा मोह आवरावयास हवा होता. तो इतरत्र पुष्कळ ग्रंथांत आहे, व येथें तो बहुतांशीं त्या ग्रंथांवरूनच घेतला आहे. त्याऐवजीं कॅलिफोर्नियाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील खरेदीखतें, मुक्तिपत्रें व निवाडे मुळाबरहुकूम परिशिष्टांत छापले असते, तर ह्या अहवालास साधनग्रंथाची योग्यता आली असती. परंतु ही संशोधकाची हांव झाली. समिति कांहीं आमच्यासाठीं नेमलेली नव्हती.

खरा प्रश्न पात्रतेचा. भरपाई कोणास मिळावी ? मार्च २०२२ मध्यें समितीनें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं ठरविलें कीं, केवळ वर्णावरून नव्हे, तर वंशावरून. दास्यांत असलेल्या पूर्वजाचा, अथवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीं त्या देशांत राहणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णी पूर्वजाचा जो वंशज, तो पात्र. एका मताच्या फरकानें झालेल्या ह्या निर्णयानें राजकारणाचा प्रश्न वंशावळीचा प्रश्न झाला. आणि वंशावळ म्हटली कीं कागद आला.

आतां हे कागद कसे आहेत तें पाहूं. १८५० व १८६० च्या खानेसुमारींत दासांचीं निराळीं पत्रकें केलेलीं आहेत. त्यांत नांव आहे तें धन्याचें. त्याच्याखालीं एकेका ओळींत वय, लिंग व रंग. दासाचें नांव बहुधा कोठेंच नाहीं. १८६० सालीं अशा माणसांची गणति ३९,५३,७६० भरली. त्यांपैकीं बहुतेकांचीं आडनांवांसह नांवें सरकारी खानेसुमारींत प्रथम उमटलीं तीं १८७० सालीं. आपल्याकडील पेशवेकालीन कागदांतून कुणबिणींच्या नोंदी ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांस किंमतीच्या आंकड्याशेजारचें तें मौन ओळखीचें वाटेल.

पण सरकारास दासांची नांवनिशीवार नोंद ठेवतां येत नव्हती, असें मात्र कोणीं म्हणूं नये. एप्रिल १८६२ मध्यें राजधानी वॉशिंग्टन येथील दास मुक्त केले, तेव्हां धन्यांस दर माणशीं सरासरी तीनशें डॉलरपर्यंत भरपाई देण्याचें ठरलें. त्यासाठीं तीन आयुक्त बसले, धन्यांनीं अर्ज केले, आणि त्या अर्जांत प्रत्येक दासाचें नांव, वय, वर्ण, अंगावरील खुणा, धन्याकडे तो कसा आला, हें सारें तपशिलानें लिहिलेलें आहे. किंमत ठरविण्यास बाल्टिमोरचा एक दासविक्रेता आणविला होता ! तीन हजारांवर माणसें ह्या रीतीनें मुक्त झालीं. त्यांस स्वतःस कांहीं मिळणार असेल तर तें देश सोडून हैती वा लायबेरिया येथें गेल्यास शंभर डॉलरपर्यंत. इंग्लंडनेंही १८३३ च्या कायद्यानें धन्यांस दोन कोटि पौंड दिले. त्या कर्जाची अखेरची फेड २०१५ सालीं झाली. तात्पर्य, पैसा धन्यास द्यावयाचा होता तेथें दासाचें नांव नीट लिहिलें गेलें.

हीच गोष्ट उलट बाजूनें पाहूं. चार्लस व विला ब्रूस ह्या कृष्णवर्णी दांपत्यानें १९१२ सालीं मॅनहॅटन बीच येथें समुद्रकांठीं जागा घेतली. १९२४ सालीं उद्यानाचें निमित्त करून गांवानें ती काढून घेण्याचें ठरविलें. २०२२ सालीं लॉस अँजेलिस काउंटीनें ती त्यांच्या वंशजांस परत दिली व पुढील वर्षीं सुमारें दोन कोटि डॉलरांस विकत घेतली. न्याय झाला हें खरें. पण तो झाला याचें एक कारण असें कीं, ब्रूस हे खरेदीखतांत खरेदीदार होते. ज्यांचे पूर्वज खरेदीखतांत विक्रीचा माल म्हणून आले, त्यांनीं कोणतें खत पुढें करावें ?

ह्या ठिकाणीं समितीनें एक चतुराई केली आहे, व तिचें श्रेय तिला दिलें पाहिजे. व्याख्येच्या दुसऱ्या अंगामुळें १८७० ची भिंत ओलांडण्याची गरज पुष्कळांस उरत नाहीं. १८७० वा १८८० च्या खानेसुमारींत पूर्वज सांपडला कीं पुरे. (१८९० ची खानेसुमारी १९२१ च्या आगींत सांपडून बहुतेक नष्ट झाली.) फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्याही आहेत. ही पेढी १८६५ त निघाली व १८७४ त बुडाली; गरिबांच्या ठेवी बुडाल्या, पण खातेदाराचा जुना धनी, आईबाप, भावंडें यांच्या नोंदी मात्र राहिल्या. तथापि टेक्सस-लुइझियानांतून विसाव्या शतकांत कॅलिफोर्नियास आलेल्या घराण्याच्या नातवानें हे दुवे एकामागून एक जुळवावे कसे ? समितीनें त्याच्या मदतीस वंशावळीची कचेरी सुचविली आहे. आमचा मुख्य आक्षेप येथेंच. मदत म्हटली म्हणजे पुराव्याचा भार अर्जदारावरच राहिला. जिला साक्ष देतां येत नव्हती, तिच्या नातवंडांकडे साक्ष मागावयाची, असा हा प्रकार आहे.

दुसरा मार्ग अमेरिकेस ठाऊक नाहीं असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जपानी वंशाच्या नागरिकांस छावण्यांत कोंडलें, त्याची चौकशी १९८० त नेमलेल्या आयोगानें केली, व १९८८ च्या कायद्यानें हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर देऊं केले. ब्याऐंशी हजारांवर माणसांस ते मिळाले. त्या कायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, अर्जाची वाट न पाहतां सरकारनें आपल्याच दप्तरांवरून पात्र माणसें हुडकून काढावीं. दुसऱ्याच वर्षीं जॉन कॉनियर्स यांनीं कृष्णवर्णीयांच्या भरपाईचा अभ्यास करण्यासाठीं तसाच आयोग नेमण्याचें विधेयक आणलें. एप्रिल २०२१ मध्यें तें सभागृहाच्या न्यायसमितींत २५ विरुद्ध १७ मतांनीं पुढें सरकलें, व तेथेंच थांबलें.

छावणीवाल्यांची यादी सरकारापाशीं तयार होती, दासांची नाहीं, असें यावर उत्तर येईल. तें अर्धेंच खरें आहे. धन्यांचीं मृत्युपत्रें, करवसुलीच्या वह्या, गहाणखतें यांतून नांवें आहेत. तीं विखुरलेलीं आहेत व धन्याच्या नांवाखालीं लावलेलीं आहेत. तीं दासांच्या नांवांनीं पुन्हां लावणें, हें एका माणसाच्या आवांक्याबाहेरचें पण संस्थानाच्या आवांक्यांतील काम आहे. ज्यानें एकदां तरी बेवारस रुमाल सोडून त्याची यादी केली असेल, त्यास हा फरक समजावून सांगावा लागणार नाहीं.

२०२४ सालीं कॅलिफोर्नियानें कायद्यानें क्षमायाचना केली. ऑक्टोबर २०२५ मध्यें दास्यांतील लोकांच्या वंशजांसाठीं स्वतंत्र कार्यालय स्थापण्याच्या व वंशनिश्चयाची रीति विद्यापीठाकडून अभ्यासविण्याच्या विधेयकांवर गव्हर्नरांनीं सही केली. त्याच सुमारास आणखी कांहीं विधेयकें त्यांनीं परतही पाठविलीं. त्या कार्यालयाचा अर्जाचा नमुना छापून आला म्हणजे 'पुरावा' हा रकाना अर्जदारानें भरावयाचा आहे कीं कचेरीनें, एवढेंच आम्ही प्रथम पाहूं.