खांबांआडचे पाणी

यंत्राला देवळाचा वेष चढवावा काय? फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट जलकेंद्राची चित्रे पाहताना हा प्रश्न मला नेहमी पडतो. अमेरिकेतील या शहरात, स्कूकिल नदीच्या काठी, टेकडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या या वास्तूचे खांब आणि त्रिकोणी माथे पाहून कोणालाही वाटावे की, येथे एखादी ग्रीक देवता नांदत असेल. प्रत्यक्षात येथे नांदत होते ते पाणी उपसणारे पंप!

१७९३ साली पीतज्वराने या शहरातील सुमारे पाच हजार माणसे दगावली. तो ज्वर डासांमुळे पसरतो हे आज आपण जाणतो. त्या काळी लोकांनी घाणीला दोष दिला आणि स्वच्छ पाण्याचा ध्यास घेतला. त्या ध्यासातूनच पुढे १८१२ साली फ्रेडरिक ग्राफ यांनी हे काम आरंभिले. प्रथम वाफेची एंजिने होती. १८२२ पासून नदीच्याच जोरावर फिरणारी चाके पाणी टेकडीवरच्या तलावात चढवू लागली, आणि तेथून ते आपल्या उताराने शहरात जाई.

टीकाकार म्हणतील, हे सोंग आहे. मला तसे वाटत नाही. ग्राफ यांनी चाकांचे दालन बुटके ठेवून त्याच्या छतावर लोकांना फिरायला गच्ची दिली. म्हणजे ज्याच्या घरी पाणी जायचे, त्या नागरिकालाच त्यांनी यजमानाचा मान दिला. सार्वजनिक कामाला असे रूप देणे हा दिखाऊपणा नव्हे, सौजन्य आहे. १८४२ साली आलेल्या चार्ल्स डिकन्स यांनीही या जागेची वाखाणणी केली, ती उगाच नव्हे.

परंतु रसिकाने येथेच थांबू नये. नदीच्या वरच्या अंगाला वस्ती आणि कारखाने वाढले. पाणी नासत गेले. काठची जमीन उद्यानासाठी राखूनही ते निवळले नाही, आणि १९०९ साली केंद्र बंद पडले. टेकडीवरच्या तलावाच्या जागी आज कलासंग्रहालय उभे आहे.

खांब तेवढेच देखणे राहिले, पाणी मात्र राहिले नाही. देऊळ बांधणे सोपे. ज्या नदीसाठी ते बांधले तिचे सोवळे पाळणे कठीण. वास्तूने आपले वचन पाळले, मोडले ते माणसांनी, असेच मी म्हणेन.