नगराचा पाडाव आणि निवेदकाचा उपरोध

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्याने हाँगकाँगवर हल्ला केला. २५ डिसेंबरला तेथील ब्रिटिश सत्तेने शरणागती पत्करली. त्या वेळी हाँगकाँगमध्ये शिकत असलेल्या आयलीन चँग यांची ‘लव्ह इन अ फॉलन सिटी’ या इंग्रजी नावाने परिचित असलेली चिनी दीर्घकथा १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही जपानी अंमलाखालील शांघायमध्ये.

कथेतील लिउसू ही माहेरी नकोशी झालेली घटस्फोटित स्त्री. धनिक लिउयुआनला तिचा सहवास हवा आहे, विवाह नको. तोफांच्या माऱ्यात दोघे एकमेकांच्या आश्रयाला येतात आणि विवाह घडतो. हे नगर बहुधा लिउसूच्या इच्छापूर्तीसाठीच पडले असावे, असे निवेदक सुचवतो.

१९४४ मध्ये फू लेइ यांनी या कथेत आशयाच्या खोलीपेक्षा झगमगाटच अधिक असल्याचा आक्षेप घेतला. मात्र या आक्षेपात निवेदकाच्या उपरोधाचे कार्य निसटते. इतिहासकथनात व्यक्ती ही घटनेची किंमत ठरते; येथे नगराचा विध्वंसच एका विवाहाची किंमत ठरतो. या व्यस्त कार्यकारणभावाची विसंगती साम्राज्य आणि विवाह या दोहोंनी देऊ केलेली सुरक्षितता पोकळ ठरवते. म्हणूनच विवाहानंतर लिउयुआनचे चतुर संभाषण इतर स्त्रियांसाठी राखले जाते.

या दृष्टीची मर्यादाही स्पष्ट आहे. जेत्याचा चेहरा कथेत जवळजवळ दिसत नाही. याचे कारण प्रकाशनकाळातील दडपणात शोधता येईल. परंतु नगरातील श्रमिकही पार्श्वभूमीवरच राहतात, त्याचे समर्थन त्या दडपणाने होत नाही.