कै. धुरंधरांचीं पुस्तकचित्रें

परळचा भोईवाडा म्हणजे भोयांची वस्ती. अशा लोकांचीं नांवें व देणीं दप्तरांत मिळतात. पागोटें बांधण्याची वा लुगडें नेसण्याची तऱ्हा सहसा मिळत नाहीं. कै. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनीं एडवर्ड्सच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) व रॉथफील्डच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथांसाठीं काढलेल्या चित्रांनीं ही उणीव बरीच भरून निघते. त्यांच्या शिवराज्याभिषेकाच्या चित्राहून आम्ही हींच अधिक प्रमाण मानतों. तेथें कल्पना, येथें डोळ्यांदेखतचीं माणसें. रॉथफील्डचें जातिवर्णन साहेबी थाटाचें आहे खरें. तरी संग्राहकांनीं ग्रंथ फोडून चित्रें चौकटींत बसवावीं, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. शेजारचा मजकूर गेला कीं स्त्री कोणत्या प्रांताची, हेंच कळेनासें होतें.