पिस्तुलाचे गुण : हेलर निकालाची एक समीक्षा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, की शाळांमधल्या गोळीबारांवर बोलणार का. थोडं बोलेन, शेवटाकडे. पण माझ्यासमोर आज एक निकालपत्र आहे : 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर', अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, २६ जून २००८. पाच विरुद्ध चार अशा बहुमताचा निकाल, लिहिला न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी. मी कायद्याचा माणूस नाही. पण हे निकालपत्र वाचताना माझ्या लक्षात आलं की यातला मुख्य युक्तिवाद कायद्याइतकाच तत्त्वज्ञानाचा आहे. 'स्वसंरक्षण' या शब्दातला 'स्व' कोण, आणि त्याला धोका कोणापासून, हा तो प्रश्न. युक्तिवाद तपासणं हा आमचा धंदा, म्हणून हे धाडस.

आधी प्रकरण सांगतो. राजधानी वॉशिंग्टनने १९७६ पासून पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली होती. घरात लांब नळीची बंदूक ठेवता येई, पण रिकामी करून आणि सुटी करून, किंवा चापाला कुलूप लावून. डिक हेलर हे तिथे एका सरकारी इमारतीवर पहाऱ्याचं काम करत. कामावर कमरेला पिस्तूल, आणि घरी न्यायला मात्र परवानगी नाही. ते न्यायालयात गेले, आणि त्यांच्या निमित्ताने १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावायची वेळ आली.

ही घटनादुरुस्ती म्हणजे इंग्रजीतलं एकच वाक्य आहे, सत्तावीस शब्दांचं. पूर्वार्धात शिस्तबद्ध नागरी सेनेची, म्हणजे मिलिशियाची, गरज सांगितली आहे. उत्तरार्धात लोकांचा शस्त्रं बाळगण्याचा हक्क अबाधित ठेवला आहे. या दोन भागांचं नातं काय? स्कालिया म्हणतात, पूर्वार्ध हेतू सांगतो, हक्काला मर्यादा घालत नाही. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स आपल्या भिन्नमतात म्हणतात, पूर्वार्ध ही उत्तरार्धाची किल्ली आहे, हा हक्क मिलिशियाशी बांधलेला आहे. या व्याकरणावर तिकडे कपाटं भरतील इतकं लिहून झालं आहे. स्वल्पविरामांवरसुद्धा! मला त्यात फार रस नाही. दोन्ही वाचनं शक्य आहेत एवढं मान्य करू आणि पुढे जाऊ. कारण निकालाचा खरा प्राण व्याकरणात नाहीच.

स्कालिया म्हणतात की या हक्काच्या गाभ्याशी स्वसंरक्षण आहे, ते माणसाला निसर्गतःच मिळालेलं आहे, घटनेने ते फक्त मान्य केलं; आणि त्याची निकड सर्वांत जास्त कुठे, तर स्वतःच्या घरात. मग प्रश्न येतो : लांब बंदूक ठेवायची मुभा आहे ना, मग पिस्तूलच कशाला हवं? इथे निकालपत्रात एक छोटासा परिच्छेद आहे. माझ्या मते साऱ्या निकालाचं हृदय तिथे आहे, आणि चर्चेत त्याकडे फारसं कोणी थांबून पाहत नाही. अमेरिकी नागरिक घरासाठी पिस्तूल का पसंत करतो याची कारणं स्कालिया देतात. ते आणीबाणीत चटकन हाती येईल अशा जागी ठेवता येतं. हल्लेखोराला ते हिसकावून घेणं किंवा वळवणं सोपं नसतं. ज्यांच्या दंडात लांब बंदूक पेलण्याची ताकद नाही त्यांनाही ते चालवता येतं. आणि एका हाताने ते चोरावर रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावता येतो.

चित्र कसं आहे बघा. रात्र, घर, दारात चोर, आत घराचा धनी. सिनेमातलं वाटतं, पण म्हणून खोटं म्हणू नका. असे प्रसंग घडतात. माझा प्रश्न वेगळा आहे. पिस्तुलाचे हे जे गुण सांगितले – चटकन हाती येणं, ताकद न लागणं, एका हाताने भागणं, दुसऱ्याला मध्ये पडता न येणं – ते त्याच घरात, चोर नसलेल्या रात्री, काय करतात?

आता आकडे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. हे त्या एका वर्षाचं वैशिष्ट्य नाही. कित्येक दशकं तिथे बंदुकीने होणाऱ्या खुनांपेक्षा बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या जास्त आहेत. दारातल्या चोराचं चित्र समोर ठेवून विकत घेतलेली वस्तू सर्वांत जास्त वेळा घरच्याच माणसावर चालते.

कॅलिफोर्नियात बंदूकखरेदीच्या नोंदी सरकारकडे असतात. त्यांच्या आधारे सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांकडे पिस्तूल होतं त्यांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण, पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळपास आठपट निघालं. स्त्रियांमध्ये पस्तीसपट. अर्थात इथे कोणी म्हणेल, मरायचं ठरवूनच त्यांनी पिस्तूल घेतलं असेल. काहींच्या बाबतीत ते खरंच आहे. खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत धोका सर्वांत मोठा दिसतो. पण त्या अभ्यासातल्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त खरेदीला वर्ष उलटून गेल्यावरचे आहेत. आधी वस्तू घरात आली, वाईट वेळ नंतर आली.

'ज्याला मरायचंय तो काहीतरी मार्ग शोधेलच' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ते खरं नाही. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकांच्या बाबतीत थोडा वेळ टिकते, कधी तर काही मिनिटंच. प्रयत्नातून वाचलेल्या दहा जणांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे त्या वेळी हाताशी काय होतं यावर पुढचं आयुष्य ठरतं, आणि बंदूक हाताशी असेल तर दहातले आठ-नऊ वाचतच नाहीत. इस्रायलच्या सैन्याचं उदाहरण देतो, कारण त्यांना कोणी बंदूकविरोधी म्हणणार नाही. २००६ मध्ये त्यांनी एवढंच केलं, की सैनिकांनी आठवडाअखेरीच्या सुट्टीत घरी जाताना रायफल तळावर ठेवून जायची. आत्महत्यांचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरलं. सैनिक तेच, त्यांची दुःखंही तीच.

आता तत्त्वज्ञानाकडे. या नैसर्गिक हक्काची वंशावळ जॉन लॉकपर्यंत जाते. लॉक म्हणतो, बळाने लुटू पाहणाऱ्या चोराला मारणं न्याय्य आहे, त्याने अजून इजा केली नसली तरी. कारण जो बळाने मला आपल्या ताब्यात घेऊ पाहतो तो पुढे काय करेल याची खात्री मला देता येत नाही. हे अमेरिकेने नीट उचललं. पण त्याच ग्रंथात, त्याच्या काही पानं आधी, लॉक असंही म्हणतो की माणूस कितीही स्वतंत्र असला तरी स्वतःचा नाश करण्याची मुभा त्याला नाही. त्याच्या दृष्टीने ही दोन विधानं एकाच तत्त्वाची आहेत : जीवन राखायचं आहे. परंपरेने त्यातलं एक विधान भिंतीवर लावलं आणि दुसरं माळ्यावर टाकलं.

आणि गंमत – गंमत कसली – स्कालियांना ते दुसरं विधान ठाऊक होतं. १९९० च्या क्रूझन प्रकरणात, बेशुद्ध रुग्णाचे उपचार थांबवण्याच्या प्रश्नावर, त्यांनी स्वतंत्र मत लिहिलं आहे. तिथे ते म्हणतात की आत्महत्या रोखण्याचा, गरज पडली तर बळानेही रोखण्याचा, अधिकार राज्याला आपल्या परंपरेत नेहमीच होता. म्हणजे तुम्ही मिलच्या बाजूने उभे राहून म्हणालात, की माणसाचा जीव, माणसाचा निर्णय, तर तो बचाव हेलर निकालाला मिळत नाही. त्याच्या लेखकानेच तो आधी नाकारला आहे. एकाच माणसाच्या हातचे हे दोन मजकूर शेजारी ठेवले, की पहिल्यातली पोकळी दिसते. १९९० मधला 'स्व' स्वतःला इजा करू शकतो. २००८ मधला करूच शकत नाही, तो फक्त दाराकडे तोंड करून उभा आहे.

आपल्याकडे आत्मरक्षण आणि आत्महत्या हे शब्द एकाच 'आत्म'पासून निघतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात माणूस आपला आप्तही असतो आणि वैरीही, असा विचार येतो. याने अमेरिकेचा कायदा उलगडतो असं मी म्हणणार नाही. पण स्वसंरक्षणाच्या सिद्धान्ताला या वैऱ्याची दखल घ्यावी लागते, एवढं तरी त्यातून कळतं.

न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी भिन्नमतात आकडे मांडले होते, आत्महत्यांचेही. आणखी एक सुंदर पुरावा त्यांनी काढला : १७८३ चा मॅसॅच्युसेट्सचा कायदा, ज्याने बॉस्टनमध्ये भरलेली बंदूक घरात न्यायला मनाई केली होती. का, तर आग लागली तर विझवणाऱ्यांच्या जिवाला धोका. म्हणजे घरातली भरलेली बंदूक हा घरातलाच धोका आहे, हे त्या पिढीला कळत होतं. त्यात त्यांच्या बंदुका ठासणीच्या. दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, रंजक घाला, तेव्हा कुठे बार. तेवढा वेळ ती वस्तूच माणसाला देत असे. आजचं पिस्तूल तो देत नाही. बहुमताचं उत्तर थोडक्यात असं, की घटनेने एकदा हक्क दिला की नफातोट्याचा ताळेबंद मांडणं न्यायाधीशांचं काम नाही. हे उत्तर टाकाऊ नाही. हक्क म्हणजे काय याविषयीची ती एक गंभीर भूमिका आहे. पण मग पिस्तूल सोयीचं का, याचा हिशेब निकालपत्रात कशाला मांडला? सोयी मोजायच्या तर दोन्हीकडच्या मोजा.

२०२२ च्या ब्रुएन निकालाने ही वाट आणखी अरुंद केली. आता बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवायचं. जो धोका ठासणीच्या काळात या स्वरूपात नव्हताच, त्याच्यासाठी तेव्हाचा कायदा आणायचा कुठून?

दुसऱ्या बाजूलाही मी मोकळं सोडणार नाही. बंदूक-नियंत्रणाची मागणी करणाऱ्यांची सारी भाषा सामूहिक गोळीबारांची आणि एआर-१५ रायफलची. शाळेत मुलं मारली जातात तेव्हा दुसरं काही सुचत नाही, हे मला समजतं. पण अगदी सैल व्याख्या घेतली तरी सामूहिक गोळीबारांतले बळी एकूण बंदूकबळींच्या दीड-दोन टक्क्यांच्या आत असतात. यांच्याही चित्रात धोका बाहेरून येणाऱ्या राक्षसाचा आहे. मोंटाना, वायोमिंगच्या एखाद्या गावात एकटा राहणारा साठीचा पुरुष या चित्रात नाही आणि त्या चित्रातही नाही. मरणाऱ्यांत मात्र तोच फार आहे. निवृत्त सैनिक आहेत. त्यांच्या आत्महत्यांपैकी दहातल्या सात बंदुकीने होतात.

चित्र बदलतंही आहे, पण उलट्या दिशेने. १९९९ मधल्या एका पाहणीत बंदूक का ठेवता याला निम्म्या मालकांचं उत्तर शिकार हे होतं. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के मालक संरक्षण हे मोठं कारण म्हणून सांगतात. शिकारीची बंदूक कपाटात असते. संरक्षणाची उशाशी.

ही पोकळी ज्यांना सर्वांत आधी दिसली ते ना न्यायाधीश होते ना प्राध्यापक. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका बंदुकीच्या दुकानातून, आठवडाभराच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन माणसांनी शस्त्र विकत घेतलं आणि काही तासांत तिघांनीही जीव दिला. दुकानदार हादरला. त्यानंतर तिथले बंदूकविक्रेते, बंदूकहक्कांचे कार्यकर्ते आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र बसले. अस्वस्थ गिऱ्हाईक कसं ओळखावं, विक्री कशी टाळावी, याची पत्रकं केली. बंदूक हाताळण्याचे दहा नियम तिथे पाठ असतात. त्यांना अकरावा जोडला : घरातलं कोणी खचलेलं दिसलं तर बंदूक काही काळ घराबाहेर ठेवा. मला हे काम हेलरमधल्या दोन्ही बाजूंपेक्षा विचाराच्या दृष्टीने पुढचं वाटतं. कोणाचा हक्क काढून घेतला नाही, फक्त 'चटकन हाती येणं' हा गुण ठरावीक काळासाठी स्थगित केला.

आपल्या श्रोत्यांपैकी बरेच जण न्यू जर्सी, टेक्सासमधून ऐकतात, त्यांच्यापुरतं सांगतो. मूल मित्राकडे खेळायला जाताना 'तुमच्या घरी बंदूक आहे का, कुलपात असते का' असं विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. तिथले बालरोगतज्ज्ञ स्वतःच हे विचारायला सांगतात. शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारता ना, तसंच विचारा.

आता कायदा कुठे आहे ते सांगून थांबतो. २०२४ मध्ये रहिमी प्रकरणात न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने ब्रुएनची धार थोडी बोथट केली. ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे असं न्यायालयात ठरलं आहे, त्याचं शस्त्र तात्पुरतं काढून घेता येतं. 'दुसऱ्याच्या' हा शब्द लक्षात घ्या. कनेक्टिकटमध्ये १९९९ पासून असलेला कायदा, आणि त्यानंतर वीस-एक राज्यांनी केलेले तसे कायदे, माणसाला स्वतःपासून धोका असेल तरीही शस्त्र काही काळ बाजूला ठेवू देतात. रहिमीचं तत्त्व त्यांनाही लागू पडतं का, याचं उत्तर त्या निकालाने दिलेलं नाही. प्रश्न असतील तर घेऊ या.