मळमळ, आले आणि संस्कार : चिनी व मराठी औषधिविचाराच्या तुलनेची समीक्षा

प्रस्तावना :

मळमळ, उलटी व अपचन यांवर आल्याचा उपयोग पारंपरिक चिनी वैद्यकात सांगितला आहे आणि मराठी घरांतही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या साम्यावरून दोन्ही परंपरा एकच गोष्ट सांगतात, असा निष्कर्ष लोकप्रिय आरोग्यविषयक लेखनात सर्रास काढला जातो. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाची चिकित्सा केली आहे. द्रव्य एक असले तरी त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षा भिन्न असू शकते आणि औषधाचे ज्ञान वनस्पतीच्या नावापेक्षा तिच्यावरील संस्कारात अधिक असते, हे येथील प्रतिपादन आहे.

शीव कोळीवाड्याची पार्श्वभूमी :

या चर्चेसाठी मुंबईतील शीव कोळीवाड्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. मूळ कोळी वस्तीच्या शेजारी फाळणीनंतर येथे पंजाबी निर्वासित वसले. कोळ्यांच्या कालवणातील आले-लसणाचे वाटण आणि पंजाबी पद्धतीने तळलेल्या मासळीच्या पिठातील ओवा येथे शेजारी नांदू लागले. ‘कोळीवाडा’ या नावाने सर्वत्र पोहोचलेला तळणाचा प्रकार याच वस्तीतला मानला जातो. जड अन्नात पाचक द्रव्य आधीच मिसळण्याची ही रीत औषध आणि अन्न यांतील सीमारेषा पुसट करते. शीव परिसरातच आयुर्विद्या प्रसारक मंडळाचे आयुर्वेद महाविद्यालय आणि लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालय आहे. स्वयंपाकघर, शास्त्र आणि आधुनिक चिकित्सा यांचे असे सान्निध्य असले, तरी तिन्हींची भाषा एक नाही.

एक द्रव्य, दोन अपेक्षा :

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, ५० महाकषाय दिले आहेत. त्यांतील ‘छर्दिनिग्रहण’ म्हणजे उलटी थांबवणाऱ्या दहा द्रव्यांत जांभूळ व आंब्याची पालवी, महाळुंग, डाळिंब, वाळा, लाह्या इत्यादींचा समावेश आहे; आले मात्र नाही. सुंठ येते ती ‘तृप्तिघ्न’ गणात, म्हणजे न जेवताच पोट भरल्यासारखे वाटणे दूर करणाऱ्या द्रव्यांत, आणि आले येते ते ‘दीपनीय’ गणात. आयुर्वेदात उलटीवर आले वापरतच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु येथे त्याचे प्रधान कार्य अग्नी प्रदीप्त करणे हे आहे. उलट चिनी परंपरेत ताज्या आल्याचा लौकिकच वांतीवरील श्रेष्ठ औषध असा आहे. तेथे ताजे आले उलटी शमवण्यासाठी, तर वाळलेले आले पोटातील ‘शैत्य’ घालवण्यासाठी, असा स्पष्ट भेद केला जातो. आले वाळताना त्यातील जिंजरॉलचे काही अंशी शोगाओलमध्ये रूपांतर होते, हे रसायनशास्त्रही सांगते. तेव्हा ‘आले किंवा सुंठ’ असे मोघम लिहिणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे.

संस्काराचे महत्त्व :

हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेल्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या ग्रंथपरंपरेत मळमळीवर ‘बान्श्या’ हा कंद आणि ताजे आले यांचा काढा सांगितला आहे. हा कंद कच्चा असता विषारी असून घसा व तोंड यांचा दाह करतो. म्हणून आले, तुरटी इत्यादींनी त्याची शुद्धी केली जाते. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. बान्श्या हा अळू व सुरण यांच्याच कुळातला आहे. या कुळातील खाजरेपणाला कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक कारणीभूत असतात. अळूच्या फदफद्यात चिंच घालणारी गृहिणी आणि बान्श्या शुद्ध करणारा चिनी औषधकार एकाच प्रकारच्या अडचणीशी झुंजत असतात. खरे साम्य शोधायचे तर ते येथे आहे. मात्र वनस्पतींच्या याद्यांत ते सापडत नाही.

मराठी वनौषधिग्रंथांची मर्यादा :

शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ (१९२७) या ग्रंथांनी वनौषधींचे ज्ञान मराठीत आणले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्या मागून आलेल्या बाजारू पुस्तिकांनी ‘वनस्पती आणि तिचे उपयोग’ एवढाच सांगाडा उचलला. मात्रा, संस्कार व निषेध गळून पडले. केवळ नावावर विसंबण्याचे परिणाम १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये दिसले. वजन घटवण्याच्या चिनी गोळ्यांत नामसाधर्म्यामुळे एका वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकिया वर्गातील दुसरी पडली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली.

समारोप :

गर्भारपणातील मळमळीवर आल्याचा काही उपयोग होतो, असे नियंत्रित चाचण्यांतून दिसले आहे. केमोथेरपीतील मळमळीबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. म्हणजे परंपरेचे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासावे लागते. दोन प्राचीन संस्कृतींचे एकमत हा पुरावा नव्हे, विशेषतः ते एकमत आपणच भेद पुसून निर्माण केलेले असेल तेव्हा. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला आल्याच्या रसावर थांबवून ठेवणे धोक्याचे ठरते, याची जाणीव अशा लेखनाने दिली पाहिजे. संस्कृत, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन पाककृती आणि औषधकृती यांची नोंद संस्कारांसह केली, तर ही तुलना अभिमानाच्या पातळीवरून अभ्यासाच्या पातळीवर येईल.