डोलकाठीपुढची माणसे

काही पुस्तकांच्या कपाळी असे लिहिलेले असते, की ती ज्या हेतूने जन्मास आली तो हेतू वाचक विसरून जातात, आणि भलत्याच कारणासाठी त्यांना डोक्यावर घेतात. रिचर्ड हेन्री डेना याचे ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ हे १८४० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक याच जातीचे आहे. शाळेत असताना ते आमच्या हाती पडले ते बक्षीस म्हणून. मुखपृष्ठावर फुगलेली शिडे, खवळलेला समुद्र आणि दोराला लोंबकळणारा एक देखणा तरुण! मुलांना साहसाची गोडी लागावी, असा बक्षीस देणाऱ्यांचा उद्देश असावा. आणि आम्हीही ते त्याच बुद्धीने वाचले, हे कबूल केले पाहिजे. पुढे वर्गात हे पुस्तक शिकविण्याचा प्रसंग अनेक वेळा आला. आता पन्नाशी उलटल्यावर ते पुन्हा वाचताना आमचे मत बरेच पालटले आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. शिडाच्या जहाजावर साध्या खलाशांची राहण्याची जागा अगदी नाळीकडे, पुढच्या डोलकाठीच्याही पुढे असे. कप्तान आणि त्याचे अधिकारी मागच्या बाजूस राहत. तेव्हा ‘डोलकाठीपुढे’ दोन वर्षे काढली, याचा अर्थ केवळ समुद्रावर दोन वर्षे काढली असा नव्हे. खालच्या पायरीवर, हुकूम ऐकणाऱ्यांच्या रांगेत काढली, असा आहे. प्रस्तावनेत डेना हीच गोष्ट स्पष्ट सांगतो. समुद्रावरची पुस्तके लिहिली ती बहुतेक अधिकाऱ्यांनी किंवा उतारूंनी. खलाशांच्या कोठडीतला आवाज कोणी ऐकलाच नाही, अशी त्याची तक्रार आहे.

हा आवाज ऐकविणारा मनुष्य मात्र त्या कोठडीतला नव्हता. केंब्रिज गावच्या एका सुविद्य घराण्यात १८१५ साली जन्मलेला हा तरुण हार्वर्डचा विद्यार्थी. गोवर येऊन डोळे अधू झाले, वाचन बंद पडले, आणि हवापालट म्हणून उतारू होऊन कोठे जाण्याऐवजी तो १४ ऑगस्ट १८३४ रोजी ‘पिल्ग्रिम’ नावाच्या जहाजावर पगारी खलाशी म्हणून चढला. जहाज अवघे १८० टनांचे. जावयाचे ते केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, गुरांची कातडी आणण्यासाठी. घट्ट कोट, रेशमी टोपी आणि हातमोजे टाकून त्याने सैल विजार, चौकड्यांचा सदरा आणि डांबरी टोपी चढविली आणि आपण आता हुबेहूब खलाशी दिसतो अशी स्वतःची समजूत करून घेतली. खऱ्या खलाशांनी त्याला एका दृष्टिक्षेपात ओळखले! गोरे गाल, मऊ हात आणि कपडे घालण्याची ढब ही काही एका रात्रीत बदलत नाहीत. पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर लेखकाने स्वतःची ही फजिती सांगून टाकली आहे, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्याची गुरुकिल्ली तीच आहे.

वर्णनाच्या हातोटीविषयी फारसे सांगण्याची आवश्यकता नाही. या बाबतीत टीकाकारांचे एकमत आहे. डेनाची भाषा हिशेबाच्या वहीसारखी कोरडी, आणि म्हणूनच विश्वासार्ह. समुद्र कसा दिसला यापेक्षा त्या वेळी हातात कोणता दोर होता, हे तो आधी सांगतो. जहाजावरचे शब्द तो जसेच्या तसे वापरतो, त्यांचा अर्थ देत बसत नाही. तरीही वाचक अडत नाही. (या पुस्तकाचा मराठी अनुवाद करू इच्छिणाऱ्याने शब्दकोश बाजूला ठेवून मालवण-हर्णैकडच्या एखाद्या जुन्या तांडेलाजवळ महिनाभर बसावे, अशी आमची नम्र सूचना आहे. नांगर, सुकाणू, शीड यांच्या पलीकडे आम्हां पांढरपेशांचे नौकाशास्त्र संपते.) कॅलिफोर्निया त्या काळी मेक्सिकोकडे होता. धक्का नाही, गोदी नाही. वाळलेली कातडी एकेक करून डोक्यावर घ्यावयाची आणि फुटत्या लाटांतून चालत जाऊन होडीत टाकावयाची. सान हुआन येथे तर ती उंच कड्यावरून खाली भिरकावीत. काही कातडी कपारीत अडकली तेव्हा डेना दोर धरून त्या कड्यावरून खाली उतरला आणि ती सोडवून आला. पाच-सहा कातड्यांसाठी जीव धोक्यात घातला, हे त्याला वर आल्यावर उमगले. तेथील भूशिराला आज त्याचे नाव आहे. कातडी ज्यांनी वाहिली त्या बाकीच्यांपैकी कोणाचे नाव तेथे नाही.

जॉर्ज बाल्मर नावाचा एक तरुण खलाशी वाटेत डोलकाठीवरून समुद्रात पडून बुडाला. होडी सोडून शोध झाला. तो सापडला नाही. त्यानंतर त्याच्या पेटीतील कपड्यांचा जहाजावरच लिलाव झाला, कारण रीतच तशी होती. या प्रसंगावर एखाद्या कादंबरीकाराने चार पाने अश्रू ढाळले असते. डेना लिलाव सांगतो, आणि पुढे जातो.

पुस्तकाचा मध्यबिंदू म्हणजे सान पेद्रो येथील फटक्यांचा प्रसंग. कप्तान थॉम्पसन काही दिवस घुश्शात होता. सॅम नावाच्या, बोलताना अडखळणाऱ्या खलाशाशी त्याची काही बाचाबाची झाली, आणि त्याने त्याला बांधून स्वतःच्या हाताने फटके मारले. जॉन नावाच्या स्वीडिश खलाशाने एवढेच विचारले, की याला कशासाठी मारता? विचारल्याबद्दल त्यालाही बांधले, आणि अधिकच मारले. डेना काय करीत होता? तो तोंड फिरवून, कठड्यावर वाकून पाण्याकडे पाहत उभा राहिला. विरोध केला तर ते बंड ठरणार, आणि बंडाची शिक्षा काय हे सर्वांना ठाऊक होते. देवाने कधी साधन दिले तर या लोकांची दुःखे दूर करण्यासाठी काहीतरी करीन, असा निश्चय त्याने तेथे मनाशी केला. आजवर आम्ही वर्गात या प्रकरणावर रसभरित व्याख्यान देत आलो, आणि तरुण मनावर त्याचा परिणाम होताना पाहून समाधान मानीत आलो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने ते समाधान हिरावून घेतले. मुलगा रत्नागिरीकडचा, वडिलांचे आयुष्य व्यापारी बोटींवर खलाशी म्हणून गेलेले. व्याख्यान संपल्यावर तो उठून म्हणाला, “सर, हा माणूस परत जाणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सॅमला तसे काय ठाऊक होते?” आम्ही साहित्यकृतीची स्वायत्तता वगैरे काहीतरी बोललो. वर्गाला ते पटले असावे. त्याला पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हालाही नाही.

त्या रात्री आम्ही पुस्तक पुन्हा उघडले, आणि जे प्रकरण वर्गात वेळेअभावी नेहमी गाळीत असू ते वाचले. ‘पिल्ग्रिम’ किनाऱ्यावर आणखी बराच काळ राहणार असे दिसू लागले. डेनाच्या घरच्यांनी बॉस्टनच्या मालकांकडे शब्द टाकला होता, म्हणून त्याला लवकर परतणाऱ्या ‘अलर्ट’ जहाजावर घेण्यात आले. परंतु निघण्याच्या सुमारास कप्तानाने अट घातली, की ‘पिल्ग्रिम’वर तुझ्या जागी माणूस दे, नाहीतर तूच तेथे जा. आणखी दोन वर्षे तेथे गेली तर कॉलेज संपले, विद्या संपली, आपण जन्माचे खलाशी झालो, ही भीती डेनाला ग्रासू लागली. मालकांच्या आज्ञेचा आधार घेऊन तो कप्तानापुढे ठाम उभा राहिला. तेव्हा कप्तानाने बेन नावाच्या एका गरीब इंग्रज पोराला हुकूम केला, की याच्या जागी तू जा. खलाशी जमले आणि डेनाच्या तोंडावर म्हणाले, की तू बड्या घरचा म्हणून सुटलास, आणि याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही म्हणून हा अडकला. शेवटी काही महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देऊन डेनाने दुसरा एक राजीखुशीचा माणूस मिळविला. बेन सुटला, आणि डेनाही सुटला.

आमच्या विद्यार्थ्याचा आक्षेप १८४० मध्येच, पुस्तकाच्या पोटात, लेखकाने स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवला होता! खलाशांचे ते शब्द डेनाने गाळले असते तर कोणाला कळले असते? साक्ष देणारे कोणी नव्हते. त्याच्या घराण्याला, त्याच्या वाचकांना ते न आवडण्याजोगेच होते. तरी त्याने ते ठेवले. समुद्राची वर्णने याहून सरस करणारे पुष्कळ निघाले. मेलव्हिलचे नाव कोणीही घेईल. परंतु इतरांबरोबर दोर ओढणाऱ्या सुशिक्षिताने, आपण त्यांच्यातले नाही हे जेथे उघडकीस येते ती जागा न लपविता दाखवावी, हे दुर्मीळ आहे. या पुस्तकाची थोरवी आम्ही आता येथे मानतो. कड्यावरच्या दोरात नव्हे.

तथापि हेही येथेच थांबत नाही. मूळ आवृत्तीच्या शेवटच्या प्रकरणात डेना खलाशांच्या सुधारणेविषयी आपले विचार मांडतो, आणि तेथे वाचक चमकतो. फटके मारण्याचा कप्तानाचा अधिकार कायद्याने ताबडतोब काढून घ्यावा, असे तो म्हणत नाही! जहाजावर अखेरची सत्ता एका हाती हवी, प्रसंगी शिक्षेचे भय हवे. न्यायालयांनी कप्तानांना कडक जाब विचारावा म्हणजे झाले, असा एकंदर सूर आहे. सान पेद्रोला कठड्यावर वाकलेला तरुण तो हाच काय? परतल्यावर तो वकिलीचा अभ्यास करीत होता. लेखणी वकिलाच्या हाती गेली आणि तिने तोल सांभाळला. हा बचाव आम्हाला पुरेसा वाटत नाही. ज्याने सॅमची पाठ पाहिली त्याने ‘मध्यम प्रमाणातील शिक्षा’ ही भाषा बोलावी, हे पुस्तकातले व्यंग आहे आणि ते व्यंगच म्हटले पाहिजे. परंतु त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की डेनाने आपला निश्चय वाऱ्यावर सोडला नाही. १८४१ मध्ये त्याने खलाशांसाठी त्यांचे हक्क आणि कायदा सांगणारे ‘द सीमन्स फ्रेंड’ हे पुस्तक काढले. त्याची कचेरी खलाशांनी गजबजलेली असे. पुढे पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने तो न्यायालयात उभा राहिला. आणि १८५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने जहाजांवरील फटक्यांची शिक्षा बंद केली, तेव्हा ती लेखकाच्या अखेरच्या प्रकरणातील सावध सल्ल्याच्या पुढे गेली होती. लोकांनी सॅमचे प्रकरण लक्षात ठेवले, आणि वकिलाचे विसरले, असेच म्हणावे लागते.

याच्या जोडीला आणखी एक पुस्तक आम्ही मुद्दाम वाचले: एरिक न्यूबी याचे १९५६ साली निघालेले ‘द लास्ट ग्रेन रेस’. अठरा वर्षांचा न्यूबी लंडनमधील जाहिरातकंपनीची नोकरी सोडून १९३८ मध्ये ‘मोशुलू’ या चार डोलकाठ्यांच्या जहाजावर उमेदवार म्हणून गेला, आणि रुजू होताच त्याला डोलकाठीवर चढविण्यात आले. हुकूम स्वीडिशमध्ये, खाणे अर्धपोटी. ऑस्ट्रेलियातून धान्य घेऊन ते जहाज ९१ दिवसांत आयर्लंडला पोहोचले ते जून १९३९ मध्ये. नंतर महायुद्ध आले, आणि शीर्षक जवळजवळ खरे ठरले. विनोद इतका सहज, की आम्ही एकटेच मोठ्याने हसलो. परंतु पुस्तक मिटल्यावर न्यूबीखेरीज कोणी मनात राहत नाही. बरोबरचे खलाशी गमतीदार आहेत, धिप्पाड आहेत, रागीट आहेत; त्यांना घर आहे, भीती आहे, उद्या आहे, हे वाचकाला आठवावे लागते. एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी: डेनाला या कामाचा पगार मिळत होता, न्यूबीच्या वडिलांनी त्याला हे काम मिळावे म्हणून ५० पौंड भरले, आणि १९९६ पासून होणाऱ्या क्लिपर पृथ्वीप्रदक्षिणा शर्यतीत सामान्य लोक शिडाचे दोर ओढण्यासाठी हजारो पौंड मोजतात. त्यांच्या धाडसाला आम्ही नावे ठेवीत नाही. आमच्याकडून तर मुंबई-अलिबागचा प्रवासही निमूटपणे होत नाही. मात्र पैसे भरून दोर ओढणाऱ्याच्या हातून डेनाचे पुस्तक होणार नाही, असे आम्हाला वाटते. तेथे बेन नसतो.

वाचकांस एक व्यावहारिक सूचना करावयाची आहे. पुस्तकाचा हक्क परत मिळाल्यावर डेनाने १८६९ मध्ये नवी आवृत्ती काढली. तीत मूळचे शेवटचे प्रकरण गाळून, १८५९ मध्ये कॅलिफोर्नियाला पुन्हा दिलेल्या भेटीचे प्रकरण घातले. ते सुंदर आहे. ज्या सान दिएगोला तो हवाई बेटांतल्या सोबत्यांबरोबर कातड्यांच्या कोठारात राहिला, तेथे कोठारांचा मागमूस उरला नव्हता. परंतु केवळ तेवढेच असलेली प्रत घेऊ नये. दोन्ही प्रकरणे छापलेल्या आवृत्त्या निघाल्या आहेत. किंमत थोडी अधिक पडली तरी तीच घ्यावी आणि गाळलेले प्रकरण आधी वाचावे.

आमची प्रत त्या विद्यार्थ्याने दोन महिने ठेवून घेतली. परत करताना म्हणाला, की वडिलांना रोज थोडे मराठीत सांगत होतो. त्यांना काय आवडले, असे आम्ही उत्सुकतेने विचारले. पहिल्या वादळात डेनाला समुद्र लागतो, तेव्हा जहाजावरचा आचारी त्याला सांगतो, की पोटात घरचे जे काही आहे ते सगळे बाहेर पडू दे, आणि मग खारवलेले मांस आणि कडक बिस्किट खा. त्या ठिकाणी वडील खूप हसले म्हणे. फटक्यांचे प्रकरण ऐकताना ते उठून बाहेर गेले होते.